अमेरिकेतल्या छोट्या गावातले रिपब्लिकन उमेदवार ट्रम्प यांच्या नावावरच मतं मागतात का?

मी न्यू जर्सीत राहतो, तेही डेमोक्रॅटांचं वजन असलेल्या भागात. त्यामुळे उत्तर इथलंच समजा, टेक्सासवाला वेगळं सांगेल.

आमच्याकडे तर उलटंच दिसतं. रिपब्लिकन उमेदवाराच्या अंगणातल्या पाट्यांवर आडनाव ठळक, खाली 'टाउनशिप कमिटीसाठी' (म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या मंडळासाठी) एवढंच, पक्षाचं नाव शोधून सापडत नाही. टपालाने येणाऱ्या पत्रकात प्रॉपर्टी टॅक्स, नवी अपार्टमेंट्स, गोदामं आणि ट्रकची वर्दळ. ट्रम्प यांचा फोटो येतो तो बहुधा डेमोक्रॅटांच्या पत्रकावर!

सभा वगैरे फारशा नसतात. उमेदवार स्वतः शनिवारी दारोदार फिरतो. मोबाइलमध्ये मतदारयादी असते. तुम्ही कुणाला मत दिलंत ते त्याला कळत नाही, पण कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, दिलंत ते कळतं. आपल्या आडनावाची चिरफाड करत तो विचारतो, 'रस्त्यावर पाणी तुंबतं का?' दार उघडलं नाही तर बेलच्या कॅमेऱ्यालाच दोन वाक्यं ऐकवतो आणि दाराच्या मुठीला पत्रक अडकवून पुढच्या घरी.

खरा मुद्दा प्रॉपर्टी टॅक्सचा. 2024 मध्ये राज्यातलं सरासरी वार्षिक बिल 10 हजार डॉलरच्या वर गेलं, त्यामुळे 'टॅक्स कमी करू' म्हटलं की सगळे कान टवकारतात. पण सरासरी पाहिली तर त्या बिलातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो. शाळा मंडळाची निवडणूक वेगळी आणि तीही बिनपक्षाची. काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, आपला वाटा घेते तो निराळाच. टाउनशिपच्या हातात जेमतेम एक तृतीयांश. तेव्हा बिल अर्ध्यावर आणण्याच्या बाता मारणाऱ्याला शांतपणे विचारावं, 'नेमकं काय कापणार? पोलीस की कचरा?'

घरांचं तसंच. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या 1975 च्या माउंट लॉरेल निकालापासून परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा जवळपास प्रत्येक गावाला उचलावा लागतो, आणि 2025 पासून त्याची नवी दहा वर्षांची फेरी सुरू झाली आहे. सत्तेत कुणीही असो, साफ नाही म्हणता येत नाही. म्हणून विरोधातला रिपब्लिकन म्हणतो, 'यांनी जास्तच कबूल केलं, गावाचं गावपण गेलं.' यावर आपली मराठी मंडळीही माना डोलावतात. स्वतःचं घर घेऊन झालं की पुढच्याचं डोळ्यांत खुपायला लागतं, दुसरं काय.

पक्षयंत्रणा म्हणाल तर अशा गावात ती फारशी नसतेच. प्रत्येक मतदान विभागातून पक्षाच्या काउंटी कमिटीचे सदस्य निवडायचे असतात, पण कमजोर पक्षाच्या त्या जागा बऱ्याचदा रिकाम्या पडतात. थोड्या सह्या जमवणारा माणूस सहज उमेदवार होतो. आशेला कारण एडवर्ड डर. या रिपब्लिकन ट्रकचालकाने 2021 मध्ये किरकोळ खर्चात राज्य सिनेटचे डेमोक्रॅट अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी यांना पाडलं. 2023 मध्ये तो स्वतःच पडला, हे मात्र कुणी सांगत नाही.

बहुतेक गावांत मतपत्रिकेवर पक्ष छापलेला असतोच, म्हणून पाटीवर लपवून फार काही साधत नाही. लोक वर गव्हर्नरला मत देतात आणि खाली त्याच पक्षावर खुणा करत जातात. नोव्हेंबर 2025 मध्ये गव्हर्नरपदाला डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडून रिपब्लिकन जॅक सिआटारेली हरले, आणि रिपब्लिकनांच्या असेंब्लीतल्या (राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहातल्या) जागाही घसरल्या. वरचं, म्हणजे ट्रम्प यांच्याबद्दलचं, वारं फिरलं की रस्त्यावरचे खड्डे बुजवणारा चांगला माणूसही घरी बसतो. मला हे पटत नाही. मी स्वतः गावाची मतं माणूस बघून देतो आणि त्यात दोन्ही पक्षांचे लोक असतात.

म्हणजे ट्रम्प यांच्या नावाने मतं मागितली जात नाहीत, पण मिळतात किंवा जातात ती बरीचशी त्याच नावाने.