डिस्टोपियन (म्हणजे भयावह भविष्यातल्या समाजाच्या) कथांमध्ये सक्तीच्या समानतेचा नेमका धोका काय दाखवलेला असतो?

सगळ्यांना वर आणणं जमत नाही म्हणून सरकार पुढे असलेल्यांनाच खाली ओढतं, आणि हे ओढणं कायम चालू ठेवायला दंड, तुरुंग आणि बंदूक लागते, हा तो धोका. याचं सर्वांत थेट चित्र अमेरिकी लेखक कर्ट व्हॉनेगट यांच्या 'हॅरिसन बर्जेरॉन' (1961) या छोट्या कथेत आहे. जमल्यास मुळातूनच वाचा, अर्ध्या तासात होते. कथा 2081 सालच्या अमेरिकेत घडते. हॅरिसनच्या हुशार वडिलांच्या, जॉर्जच्या, कानात सरकारी रेडिओ बसवलाय; दर वीसेक सेकंदांनी त्यात कर्कश आवाज होतो आणि डोक्यातला विचार तुटतो. गळ्यात छर्‍यांची 47 पौंडांची पिशवी. त्यातला एक छरा काढला तरी दोन वर्षं कैद आणि दोन हजार डॉलर दंड! सुंदर नर्तकींना मुखवटे, चपळ असतील तर वजनंही. मला सर्वांत भयंकर वाटतं ते हे, की पोटच्या मुलाला, हॅरिसनला, टीव्हीवर गोळी घातलेली पाहून आई रडते आणि का रडतेय तेच विसरते. विचारच टिकत नसेल तर विरोध कुठून येणार?

मात्र ही कथा आर्थिक समतेच्या विरोधात वापरू नका. 2005 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शाळांच्या निधीच्या खटल्यात वकिलांनी तसा दाखला दिला, तेव्हा खुद्द व्हॉनेगट यांनीच हरकत घेतली होती: कथा बुद्धी आणि गुणांबद्दल आहे, संपत्तीबद्दल नाही.