२५.४ की २५?
वाचक विचारतात : जुन्या सिंगल-सीटर रेसगाड्यांची क्लब चॅम्पियनशिप

(मागच्या अंकातल्या मुलाखतीनंतर आलेले हे काही प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाई मूळच्या कोल्हापूरच्या. उद्यमनगरात त्यांच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. आता त्या इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या रेसिंग ट्रॅकजवळ राहतात. तिथल्या एका क्लबाच्या हिस्टॉरिक फॉर्म्युला फोर्ड चॅम्पियनशिपमध्ये त्या ११ वर्षं गाड्यांच्या तपासनीस होत्या, गेली ६ वर्षं समन्वयक आहेत.)

प्रश्न : जुन्या गाड्या म्हणजे आपल्याकडच्या विंटेज रॅलीसारखं फेटे बांधून मिरवणं ना? खरंच शर्यत लावता? (एक वाचक, नाशिक)

खरीच लावतो हो. सकाळी १५-२० मिनिटांची पात्रता फेरी, दुपारी २० मिनिटांची शर्यत. तेवढ्यासाठी माणूस पहाटे चारला उठून तीनशे किलोमीटर ट्रेलर ओढत येतो. फेटा कुणी बांधत नाही. हेल्मेट, आगीपासून वाचवणारा सूट आणि पोटात गोळा, एवढंच घेऊन बसतात.

फॉर्म्युला फोर्डचं मूळ आधी सांगते. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेसिंग शिकवणाऱ्या शाळा होत्या. खास रेसिंगची इंजिनं महाग आणि नाजूक, त्यात शिकाऊ हात. रोज काहीतरी मोडायचं. मग तिथे साध्या घरगुती फोर्ड कॉर्टिनाचं इंजिन घालून बघितलं, आणि ते मार खाऊनही चाललं. शाळा चालवणारे जेफ क्लार्क आणि ब्रँड्स हॅच ट्रॅकचे जॉन वेब यांनी फोर्ड कंपनीला बरोबर घेतलं आणि २ जुलै १९६७ ला ब्रँड्स हॅचवर पहिली शर्यत झाली. रे ॲलनने ती लोटस ५१ मधून जिंकली. गाडी हजार पौंडांत बसवायची, ही मूळ कल्पना. नळ्यांची चौकट, लोखंडी चाकं साडेपाच इंच रुंद, पंख नाहीत, टायरला नक्षी हवीच. इंजिन पुढे १६०० सीसीचं झालं आणि तिथेच थांबलं. शंभराच्या थोडी वर हॉर्सपॉवर. म्हणजे तुमच्या सोसायटीत उभ्या असलेल्या स्विफ्टपेक्षा ताकद जराशीच जास्त, वजन मात्र निम्म्याहून कमी. १९६९ ला ब्राझीलहून आलेला एमर्सन फिटिपाल्डी याच शिडीने वर चढला आणि १९७२ ला जगज्जेता झाला. आमच्याकडे १९७१ अखेरपर्यंतच्या गाड्या चालतात. १९७२ ची आणलीत तर चहा मिळेल, ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटते त्या रांगेत, जागा नाही.

प्रश्न : पन्नास वर्षांत गाडीचे सगळे भाग बदललेले असणार. मग ती 'मूळ गाडी' आहे हे ठरवता कसं? (एक वाचक, पुणे)

या प्रश्नाने माझ्या कितीतरी रात्री खाल्ल्यात.

माझ्या आजोळचा वाडा घ्या. आजोबांनी तुळया बदलल्या, मामांनी कौलं काढून पत्रे घातले, मामेभावाने मातीच्या भिंती पाडून विटांच्या बांधल्या. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावाने येते. वाडा तोच का? गल्लीत विचाराल तर तोच. आता समजा त्या जुन्या तुळया आणि दारं कुणी उचलून पलीकडच्या गल्लीत उभी केली आणि वर पाटी लावली, 'मूळ वाडा हाच'. रेसगाड्यांत हे सर्रास होतं, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. १९७० मध्ये गाडी ठोकली, चौकट वाकली. कारखान्याने नवी चौकट दिली. मालकाने जुन्या चौकटीवरची नंबराची पट्टी काढून नवीवर ठोकली. वाकलेली चौकट शेडमागे गवतात पडून राहिली. चाळीस वर्षांनी कुणाला ती सापडली, त्याने सरळ करून घेतली, इंजिन बसवलं. आता एका नंबराच्या दोन गाड्या. एकाकडे पट्टी, दुसऱ्याकडे लोखंड. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही माझ्यासमोर उभे.

एक प्रसंग सांगते. मार्चमधली हंगामापूर्वीची तपासणी, पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागे गाड्या उभ्या करायची जागा) बोटं गारठलेली. एक गृहस्थ १९६९ ची मर्लिन, म्हणजे त्या नावाची इंग्लिश रेसगाडी, घेऊन आले. पट्टी होती, कागद होते, सगळं नीट फायलीत लावलेलं. पट्टीचे रिव्हेट मात्र नवे, चकचकीत. तो काही गुन्हा नाही, रंगकामाला पट्टी काढावीच लागते. मी पिशवीतून बाबांचा व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं साधन, काढला. (लग्नात मिळालेल्या चांदीपेक्षा मी तो जपलाय.) वरची नळी मोजली, रंगाचा पापुद्रा वजा जाता २५.४ मिलिमीटर. म्हणजे बरोबर एक इंच. शेजारची, २५.४. डावीकडची खालची मोजली, २५.

पुन्हा मोजली. २५.

१९६९ च्या इंग्रज वर्कशॉपमध्ये मिलिमीटरच्या मापाची नळी कुठून येणार? मालकांना विचारून दोन सांध्यांवरचा नखाएवढा रंग खरवडला. वरच्या सांध्यात पिवळसर सोनेरी धातू दिसला. त्या काळी पुष्कळ चौकटी ब्राँझने जोडत. खालच्या सांध्यात करड्या रंगाची, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली टिग वेल्डिंगची रेघ. काम सुरेख होतं, बाबांनी त्या वेल्डरला चहा पाजला असता. पण ते काम १९६९ चं नव्हतं.

गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, गाडी खोटी ठरली. मी म्हटलं, उलट आहे. ही आपटलेली आणि दुरुस्त झालेली खरी गाडी आहे. फक्त तुमच्या कागदात 'कधीही अपघात नाही' असं लिहिलंय, ते खोडा. ज्या गाडीची प्रत्येक नळी, प्रत्येक सांधा एकसारखा असतो, तिच्यासमोर मी जास्त वेळ बसते.

आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. गाडीची घडण त्या काळच्या नियमांप्रमाणे आहे का, हा एक प्रश्न, आणि ही तीच गाडी का, हा दुसरा. आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणजे एफआयए जुन्या गाड्यांना जो तांत्रिक पासपोर्ट देतो, तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. लोक तो दुसऱ्याचं समजून दाखवतात, विशेषतः गाडी विकायची असली की. आमच्या क्लबात एका नंबराच्या दोन गाड्या आल्या तर वाद मिटेपर्यंत दोन्ही बाहेर. त्यात माझा एक चांगला मित्र दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता.

प्रश्न : फसवणूक होते का? (एक वाचक, सोलापूर)

होते. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, घासून हलकं करतात, म्हणजे इंजिन झटकन चढतं. म्हणून नियमात त्याचं किमान वजन आहे, तसंच पिस्टन-रॉडचंही. संशय आला तर इंजिनाला तार ओवून सील लावतो आणि नंतर उघडून तोलतो. सील लावताना ज्याचा घसा कोरडा पडतो, त्याचं इंजिन उघडायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही.

प्रश्न : गुण कसे मोजता? (एक वाचक, ठाणे)

कंटाळवाणं आहे, पण माझी फजिती त्यातच आहे. हंगामातल्या सगळ्या फेऱ्या धरत नाही, सर्वांत वाईट दोन निकाल सोडून देतो. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचं गिअर फुटतं, तेवढ्याने वर्ष वाया जाऊ नये. मात्र गाडी नियमाबाहेर सापडून बाद झालात तर तो शून्य सोडता येत नाही, तो मानगुटीवर बसतो. समन्वयक म्हणून माझ्या पहिल्याच वर्षी मी एकाचा असा शून्य खुशाल सोडून दिला. कपावर नाव कोरून झालं. वार्षिक जेवणाच्या आदल्या रात्री वही चाळताना लक्षात आलं. रात्री साडेदहाला दोघांनाही फोन केला. ज्याचं नाव कोरलं होतं तो हसला, म्हणाला की मला वाटलंच होतं. ज्याचा कप होता तो चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. त्या कपावर अजून एक नाव खोडलेलं दिसतं. आता गुणांचा तक्ता दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय मी बाहेर पाठवत नाही.

प्रश्न : सगळ्यात अवघड काम कोणतं? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

माणसं जमवणं. गाड्या मोजणं त्यापुढे काहीच नाही.

क्लब ट्रॅक दिवसाच्या भाड्याने घेतो. त्यात डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, बचाव पथक, वेळ मोजणारे, सगळं आलं. खर्च प्रवेश फीतून निघतो. ट्रॅकच्या लांबीवरून एका शर्यतीत किती गाड्या सोडायच्या याची कमाल संख्या ठरलेली असते. पंगतीसारखं आहे. समजा तीस पानं मांडली आणि बारा जण जेवायला आले, तर भात वाया आणि यजमानाचं तोंड बघवत नाही. क्लबाला दोन-तीनदा असा खड्डा पडला की पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तुमच्या वर्गाला जागा मिळत नाही, किंवा दुसऱ्या वर्गात मिसळून टाकतात.

म्हणून माझं खरं काम हिवाळ्यात चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मंगळवारी संध्याकाळी, फोन. जिंकणाऱ्यांना मी फोन करत नाही, ते येतातच. जो अठरावा-विसावा येतो, त्याला करते. गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, गिअरबॉक्स बसवला का? (हा गिअरबॉक्स ह्यूलँडचा. त्याचं बाहेरचं कवच फोक्सवॅगन बीटलचं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. उद्यमनगरातही असंच चालतं, ज्याचं असेल ते घ्या आणि आपलं काम भागवा.) तो अठरावा माणूस सुटला की त्याचा सतरावा मित्र सुटतो. आणि तो सुटतो पैशांमुळे किंवा धक्क्यामुळे. पैशांवर उपाय म्हणून एकच ठरलेला टायर ठेवलाय. म्हणजे दर शर्यतीला नवा मऊ टायर लावून कुणी सेकंद विकत घेऊ शकत नाही. धक्क्याचं गंभीर आहे. या गाड्यांची चाकं उघडी. एकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकावर चढलं की गाडी हवेत जाते. शिक्षा देणं माझ्या हातात नाही, ते क्लार्क ऑफ द कोर्सचं, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींच्या मुख्य अधिकाऱ्याचं काम. पण ज्याने धक्का दिला त्याने ज्याला बसला त्याच्या तंबूत जाऊन उभं राहायचं, ही आमची रीत मी मोडू देत नाही.

प्रश्न : श्रीमंतांचे चोचले नाहीत का हे? (एक वाचिका, सांगली)

काही प्रमाणात आहेत. नाकारून काय करू? पण ग्रिडवर प्लंबर आहे, निवृत्त शाळामास्तर आहे, आणि एका बाईने घराचं स्वयंपाकघर पंधरा वर्षं बदललेलं नाही, कारण विचारू नका.

प्रश्न : आपल्याकडच्या जुन्या फॉर्म्युला मारुती गाड्यांची अशी चॅम्पियनशिप होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

माझ्या गावचा प्रश्न, म्हणून सविस्तर.

सिल्व्हरस्टोन हा दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ, आणि चेन्नईजवळचं शोलावरमही तसंच, युद्धातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाने तिथे वर्षानुवर्षं शर्यती घेतल्या, मग १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ पक्का ट्रॅक झाला. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन घालून स्वस्त सिंगल-सीटर बनवली. विचार तोच, घरगुती इंजिन आणि नळ्यांची चौकट. नारायण कार्तिकेयन त्याच गाडीतून सुरुवात करून फॉर्म्युला वनपर्यंत गेला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरचा करी स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

तेव्हा मसाला आहे. पण कृपा करून शर्यतीपासून सुरुवात करू नका. आधी नोंदवही करा. कुठली गाडी कुणाच्या गोडाऊनमध्ये आहे, चौकटीवर काय ठोकलंय, कुठली नळी बदललीय, ज्यांनी त्या चालवल्या त्यांच्याकडे कोणते फोटो आहेत. ते लोक आहेत तोवर विचारून घ्या. मेकॅनिकला आधी विचारा, मालकाला नंतर. मग एक तारीख ठरवा, अमुक सालापर्यंतचीच गाडी. ही तारीख ठरली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी वजनदार माणूस उठेल आणि म्हणेल, माझी सहाच महिने नंतरची आहे, एवढी घ्या. तिथे 'नाही' म्हणायला तयार असलेला एक माणूस आधीच नेमून ठेवा, आणि तो त्या वजनदार माणसाचा देणेकरी नसावा. त्यानंतर राष्ट्रीय महासंघाकडे, म्हणजे एफएमएससीआयकडे जा. आठ गाड्या जमल्या तरी पुष्कळ. पहिली दोन वर्षं दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमात एक शर्यत मागून घ्या, स्वतः ट्रॅक भाड्याने घेऊ नका.

आणि उद्यमनगरात एखादा म्हातारा टर्नर अजून कामावर असेल तर त्याला आतापासून हाताशी धरा. मारुतीचे सुटे भाग मिळतील, जुन्या चौकटीचे बुश कुणीतरी घडवावे लागतील.

प्रश्न : आम्ही लेस्टरला असतो. मुलगा १७ वर्षांचा आहे, गाड्यांचं वेड आहे, रेसिंग परवडणार नाही. काय करता येईल? (एक आई)

मार्शल होऊ द्या, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा, अपघात झाला की मदतीला धावणारा. त्यांच्याशिवाय एकही शर्यत सुटत नाही. सगळे स्वयंसेवक, पगार नाही, पण ट्रॅकच्या इतक्या जवळ तिकीट काढूनही कुणाला उभं राहता येत नाही. प्रशिक्षण मोफत असतं. अठराच्या आतला आहे म्हणून तुमची संमती लागेल. पुढे कधी स्वतः चालवायची झालीच तर आधी लायसन्सची परीक्षा, आणि सुरुवातीच्या शर्यतींत गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावावी लागते. आपल्या 'एल' बोर्डाचाच भाऊ.

पहिल्या दिवशी त्याला जाड तळव्याचे बूट द्या. लाल किंवा पिवळं जर्किन घालून पाठवू नका, लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला तो झेंडा वाटतो. डबा भरपूर द्या, दुपारची सुट्टी कधी होईल सांगता येत नाही. पोळीभाजीपेक्षा दशम्या बऱ्या, एका हाताने खाता येतात.