‘औटघटकेचा सम्राट’ कोणाला म्हणावे?

प्रश्न असा आहे : रोमन सम्राट मॅक्सिमिनस थ्रॅक्सबद्दलच्या एका मराठी लेखात त्याला ‘औटघटकेचा सम्राट’ म्हटले आहे. तीन वर्षे राज्य करणाऱ्याला हा शब्द चालेल का?

माझे उत्तर : नाही. आणि कारण केवळ तीन वर्षांचे नाही.

औट म्हणजे साडेतीन. ‘औट हात देह’ यातला तोच औट. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटका झाल्या ८४ मिनिटे. अर्थात हा वाक्प्रचार कोणी घड्याळ लावून वापरत नाही. गादी मिळाली, पण तिच्यावर नीट बसायच्या आत गेली, राज्य केले असे म्हणण्याजोगे काही घडलेच नाही, असा त्याचा भाव आहे.

मॅक्सिमिनसचे तसे नाही. थ्रेसमधल्या (बाल्कन भागातला रोमन प्रांत) सामान्य घरातला हा माणूस सैन्यात एकेक पायरी चढत वर आला. इ.स. २३५ मध्ये ऱ्हाइनकाठी, आजच्या माइन्त्सजवळ, सैन्याने त्याला सम्राट केले आणि आधीच्या अलेक्झांडर सेव्हेरसला आईसकट ठार मारले. जर्मन टोळ्यांना पैसे देऊन शांत करण्याचा अलेक्झांडरचा बेत सैनिकांना सलत होता. मॅक्सिमिनस ऱ्हाइन ओलांडून थेट आत घुसला. जर्मनीतल्या हार्झहॉर्न इथली २००८ साली उजेडात आलेली रणभूमी अभ्यासक त्याच्याच मोहिमेशी जोडतात. राज्य केले तेवढे दिवस तो छावणीतच राहिला. सम्राट म्हणून रोममध्ये त्याने पाऊलही ठेवले नाही. फौज पोसण्यासाठी मात्र त्याने प्रजेला पिळून काढले, हेही सांगितलेच पाहिजे.

‘औटघटकेचा’ हा शब्द शोभतो तो त्याच्या विरोधकांना. २३८ मध्ये रोमच्या आफ्रिका प्रांतातल्या (आजच्या ट्युनिशियातल्या) थिस्ड्रस गावी तरुण जमीनदारांनी जाच करणाऱ्या वसुली अधिकाऱ्याला मारले आणि म्हाताऱ्या गॉर्डियनला, जवळजवळ बळजबरीनेच, सम्राट केले. त्याचा मुलगा सहसम्राट झाला. रोमच्या सिनेटनेही मान्यता दिली. पण शेजारच्या नुमिडियाचा अधिकारी कापेलियानस लीजन, म्हणजे रोमन फौजेची मोठी तुकडी, घेऊन मॅक्सिमिनसच्या बाजूने चालून आला. मुलगा कार्थेजजवळ लढाईत पडला, बापाने गळफास घेतला. सगळे मिळून जेमतेम तीन आठवडे! याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

सिनेट विरोधात गेली म्हणून मॅक्सिमिनस इटलीवर निघाला तो अक्विलेया शहरापाशी अडला. नदीवरचा पूल लोकांनी तोडलेला, म्हणून त्याच्या सैन्याने दारूची रिकामी पिंपे एकत्र बांधून नवा पूल केला. पण वेढा लांबला, सैन्यच उपाशी मरू लागले. शेवटी त्याच्याच सैनिकांनी निशाणांवरून त्याच्या प्रतिमा उपटल्या आणि तंबूपाशी त्याला मुलासह मारले.

त्याच्यासाठी ‘सैनिक सम्राट’ हा शब्द घ्यावा. या सामासिक शब्दाचा विग्रह ‘सैनिक असलेला’ असा करा की ‘सैनिकांनी केलेला’ असा, मॅक्सिमिनसला दोन्ही लागू पडतात. त्याच वर्षी, २३८ मध्ये, प्रिटोरियन पहारेकऱ्यांनी (सम्राटाच्या अंगरक्षक दलाने) सम्राट केलेल्या तेरा वर्षांच्या तिसऱ्या गॉर्डियनला मात्र फक्त दुसरा लागू पडतो, म्हणून त्याच्याबाबत ‘सैन्याने बसवलेला सम्राट’ असे सरळ लिहावे.

जाता जाता, ‘थ्रॅक्स’ हे आडनाव नव्हे. थ्रेसचा म्हणून पुढच्या काळात चिकटलेले ते टोपणनाव आहे. तेव्हा लेखात नुसते ‘थ्रॅक्सने स्वारी केली’ असे लिहू नये, ‘मॅक्सिमिनसने’ लिहावे.