गोळे फुटले, आमटीचं पिठलं झालं!

प्रश्न: ताई, रविवारी पहिल्यांदाच गोळ्याची आमटी केली. हरभरा डाळ रात्रभर भिजवली, मिक्सरला छान बारीक वाटली, गोळे आमटीत सोडले आणि पळीने हलवत बसले. पाच मिनिटांत निम्मे गोळे गायब, जे उरले ते आतून कच्चे. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण भात मात्र ताकाशी खाल्ला. कुठे चुकलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताकाशी म्हणजे बोलल्याच की हो त्या! असो. डाळ रात्रभर नको, चार तास बास, जास्त भिजली की पाणी पिऊन बसते. मग चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायची आणि पाण्याचा थेंब न घालता भरडच वाटायची, मिक्सर अडला तर थांबून चमच्याने खालीवर करा पण पाणी नाही म्हणजे नाही. एकदम गंध वाटलंत तर गोळा दडस होतो, भरड असली की रस आत शिरतो. त्यातच मिरची, आलं, जिरं, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर. मूठ वळून उघडली की बोटांचे ठसे तसेच राहायला हवेत, तळव्याला ओल लागली तर चमचाभर बेसन घाला, फार नको.

आता खरी गंमत आमटीची. ती पातळच ठेवा, गोळे पाणी ओढतात, आणि खळखळ उकळत असतानाच सुपारीएवढे गोळे सोडा, कोमट रसात सोडले तर बाहेरचा थर आवळायच्या आत सुटतात. आधी एकच सोडून बघा, टिकला तर बाकीचे. आणि ती पळी लांब ठेवा! पहिली पाच मिनिटं हातच लावायचा नाही, फारतर पातेलं कापडाने धरून हलकं फिरवा. वर तरंगले म्हणजे शिजले असं नाही हं, अर्धवट झाकण ठेवून दहाबारा मिनिटं द्या, एक फोडून बघा, मध्ये कच्चा डोळा दिसला तर अजून थोडं. चिंचेचा कोळ त्यानंतर, आंबटात डाळ लवकर शिजत नाही.

काहीजणी गोळे आधी इडलीपात्रात वाफवून घेतात, फुटत नाहीत हे खरंय, पण आमटीला जो दाटपणा गोळ्यांमुळे येतो तो येत नाही, मला नाही आवडत. विदर्भात गोळाभाताला मात्र गोळे भातावर ठेवून वाफेवरच शिजवतात आणि वरून हिंगमोहरीचं कडकडीत तेल, ते वेगळंच प्रकरण.

उरली तर सकाळी गोळे रस पिऊन टम्म होतात, तेव्हा गरम करताना उकळतं पाणी घाला, गार नको.