कुत्र्याच्या चाव्याचा जोर कशावर ठरतो?

कुत्रा किती जोरात चावू शकतो हे कशावर अवलंबून असते, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीतले 'रॉटवायलर 328 पीएसआय, कांगल 743 पीएसआय' हे आकडे खरे मानावेत का, असे तुम्ही विचारले आहे. मी पशुवैद्यक आहे आणि कुत्र्यांची तोंडे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. थोडक्यात सांगायचे तर जबड्याच्या स्नायूंचा आकार, कवटीची ठेवण, वस्तू कोणत्या दाताखाली आली आहे आणि त्या क्षणी कुत्र्याला किती जोर लावायचा आहे, यांवर ते ठरते. जातीच्या नावावरून यांतल्या पहिल्या दोन गोष्टींचा ढोबळ अंदाज येतो, त्यापलीकडे फारसे काही कळत नाही.

स्नायूंपासून सुरुवात करू. जबडा मिटणारा सर्वांत मोठा स्नायू म्हणजे टेम्पोरॅलिस. तो कवटीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो आणि गालाच्या हाडाच्या कमानीखालून उतरून खालच्या जबड्याला जोडलेला असतो. त्याच्या जोडीला गालफडातला मॅसेटर आणि आतल्या बाजूचे टेरिगॉइड स्नायू असतात. खाण्यावरून गुरगुरत नाही अशा ओळखीच्या कुत्र्याच्या डोक्यावर तो काही चघळत असताना दोन्ही तळवे ठेवून पाहा. डोळे आणि कान यांच्यामधला भाग फुगतो आणि बसतो, तोच टेम्पोरॅलिस. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि कवटीच्या मापांवरून चाव्याचा अंदाज बांधताना अभ्यासक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 30 न्यूटन बल धरतात. क्षेत्रफळ हे वजनाइतक्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे एकाच घडणीच्या दोन कुत्र्यांपैकी एकाचे वजन दुप्पट असले, तरी त्याचा चावा दुप्पट न होता साधारण 1.6 पट होतो. तरीही सर्व घटकांत देहाचा आकार हाच सर्वांत प्रभावी ठरतो.

कुत्र्याच्या या स्नायूंत 2-एम नावाचे खास तंतू असतात, जे त्याच्या पायांच्या स्नायूंत आढळत नाहीत. एका आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती नेमकी याच तंतूंवर हल्ला करते. अशा कुत्र्याच्या कानशिलांवर पुढे खळगे पडतात, डोके हाडांवर कातडे ओढल्यासारखे दिसू लागते आणि तोंड बोटभरही उघडेनासे होते. चाव्याचा जोर या स्नायूंवर किती अवलंबून आहे, हे असा रुग्ण समोर आला की लगेच लक्षात येते.

यानंतर येते ती तरफ. जबड्याचा सांधा हा टेकू, स्नायू ओढतात ते बल आणि दातांमध्ये सापडलेली वस्तू हा भार. बल टेकू आणि भार यांच्यामध्ये लागत असल्यामुळे ही तिसऱ्या प्रकारची तरफ होते. अडकित्त्याची रचना वेगळ्या प्रकारची असली, तरी सुपारी खिळीजवळ सरकवली की ती लवकर फुटते, हा अनुभव इथेही लागू पडतो. सांध्याजवळच्या दाढांवर पुढच्या सुळ्यांपेक्षा कितीतरी अधिक बल पडते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूल दिलेल्या कुत्र्यांचे जबड्याचे स्नायू विजेने उत्तेजित करून बल मोजले, तेव्हा सुळ्यांवर ते 147 ते 926 न्यूटन, तर मागच्या दाढांवर 574 ते 3417 न्यूटन भरले. म्हणजे एकाच कुत्र्याचा 'चाव्याचा आकडा' केवळ दात बदलल्याने तिपटी-चौपटीने बदलू शकतो. पोलिसांच्या कुत्र्यांना शिकवणारे लोक पूर्ण तोंडाच्या पकडीवर इतका भर का देतात, हेही यावरून कळते. बिचकलेला कुत्रा पुढच्या दातांनी चिमटा घेऊन सोडतो, आत्मविश्वास असलेला कुत्रा सरावात शिक्षकाने हातावर चढवलेली जाड बाही थेट दाढांपर्यंत आत घेतो.

कवटीची ठेवण या तरफेची लांबी ठरवते. आखूड तोंडाच्या कुत्र्यात सुळे सांध्याच्या जवळ येतात आणि रुंद गालफडांत स्नायूंना जागा अधिक मिळते, म्हणून मध्यम आणि मोठ्या आकाराच्या कुत्र्यांत आखूड, रुंद डोक्याचा चावा अधिक जोरकस निघतो. याउलट आपल्याकडचा कारवानी घ्या. लांब, निमुळते डोके ही धावत्या सशाला वेगाने पकडण्यासाठी घडलेली रचना आहे. तिथे जोरापेक्षा जबडा झटकन मिटण्याला महत्त्व आहे. पिटबुलचा जबडा 'लॉक' होतो, हे मात्र शुद्ध थोतांड आहे. तशी कोणतीही खीळ किंवा कडी त्याच्या हाडांत नसते. तो सोडत नाही, कारण त्याला सोडायचे नसते.

हा 'सोडायचे नसणे' भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1995 साली 22 पाळीव कुत्र्यांना कच्च्या चामड्यात गुंडाळलेले मापक चावायला दिले होते. नोंदवलेले बल 13 न्यूटनपासून 1394 न्यूटनपर्यंत होते, सरासरी 256 आणि मध्यक 163. म्हणजे कुणी सव्वा किलो वजनाएवढाच भार दिला, तर कुणी जवळपास एकशे चाळीस किलोंएवढा. यात देहाच्या आकाराचा वाटा अर्थातच होता, परंतु शुद्धीवर असलेला कुत्रा क्वचितच आपली सगळी ताकद लावतो. दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंत दाब ओळखणाऱ्या संवेदी टोकांची रेलचेल असते आणि त्यांच्या आधारे तो जोर क्षणोक्षणी आवरत असतो. एखादी दाढ तडकलेली असेल, तर त्या बाजूने चावणेच टाळतो. शिवाय पिल्लू आपल्या भावंडांशी खेळताना जोर आवरायला शिकते: फार जोरात चावले की समोरचे पिल्लू केकाटते आणि खेळ थांबतो. म्हणूनच फार लवकर आईपासून तोडलेले पिल्लू घेऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. इयान डनबार या पशुवैद्यकांनी चाव्यांची जी सहा पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली, तीही न्यूटनमध्ये नाही. दात त्वचेत शिरले का, सुळ्याच्या अर्ध्या लांबीपेक्षा खोल शिरले का, चावे किती घेतले, यांवर ती आधारलेली आहे. धोका ओळखण्यासाठी मला ती अधिक उपयोगी वाटते.

आता पीएसआयकडे वळू. हे दाबाचे एकक आहे, म्हणजे एका चौरस इंचावर पडणारे बल. समजा, कुत्र्याने 500 न्यूटन बल लावले. सुळ्याचे टोक एक चौरस मिलिमीटर धरले, तर दाब 72,000 पीएसआयच्या वर जातो. तेच बल एक चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर सुमारे 725 पीएसआय होतो. कुत्रा तोच, जोर तोच, आणि आकड्यांत शंभर पटींचा फरक! क्षेत्रफळ न सांगता दिलेला पीएसआय म्हणूनच निरर्थक असतो. रॉटवायलरचा 328 हा आकडा नॅशनल जिओग्राफिकसाठी प्राणी-अभ्यासक ब्रेडी बार यांनी केलेल्या चाचणीतून आलेला आहे, आणि तो होता पौंड बलाचा. पुढे कुणीतरी त्याला पीएसआयचे शेपूट जोडले. त्याच चाचणीत जर्मन शेफर्ड 238 आणि पिटबुल 235 वर होते, म्हणजे ज्याची दहशत सर्वाधिक तोच तिघांत शेवटचा. अर्थात यावरूनही जातींची क्रमवारी लावू नये, कारण एका कुत्र्यावरून जात ठरत नाही. कांगलच्या 743 सोबत तर कोणता दात, किती कुत्रे, कोणते उपकरण, यांपैकी काहीच दिलेले नसते. तो आकडा खुशाल सोडून द्या.

प्रत्यक्ष इजा किती होते, हे केवळ जोरावर ठरत नाही. दात रुतवून डोके झटकणारा मध्यम ताकदीचा कुत्रा, एकदाच दाबून सोडणाऱ्या बलदंड कुत्र्यापेक्षा अधिक मांस फाडतो, आणि जो चावा प्रौढाच्या पोटरीवर भागतो तोच लहान मुलाच्या चेहऱ्यावर किंवा मानेवर प्राणघातक ठरू शकतो. रेबीजचा तर जोराशी काहीच संबंध नाही. विषाणू लाळेत असतो, आणि त्वचेत जेमतेम शिरलेला पिल्लाचा दातही त्याला पुरतो. त्यामुळे चावा किरकोळ दिसला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठावा.