तक्त्यात आत्या कुठे आहेत?

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

आईच्या आजारपणानंतर घराण्यातून चालत येणाऱ्या कॅन्सरच्या संशोधनासाठी घरची माहिती द्यायची ठरवलंस, बरं केलंस. तू काढलेला घराण्याचा तक्ता पाहिला. पणजोबांपासून खाली पुरुष सगळे जागच्या जागी आहेत, लग्न होऊन गेलेल्या बायका मात्र गायब. आपल्याकडच्या वंशावळी जमिनीच्या वाटण्यांसाठी केलेल्या, दुसरं काय होणार! इथे तशी चालत नाही. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतला दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बाप ठणठणीत राहूनही तो मुलीला देऊ शकतो. म्हणून आत्यांचा माग काढ. जुने कागद शोधायला जाशील तेव्हा त्यांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं लिहून ने.

‘पोटात गाठ होऊन गेली’ एवढ्यावर थांबू नकोस. गाठ अंडाशयाची, आतड्याची की गर्भपिशवीची, यावर पुढचा सगळा विचार ठरतो. आतड्याचा आणि गर्भपिशवीचा कॅन्सर एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसला, की डॉक्टरांच्या मनात लिंच सिंड्रोम येतो, म्हणजे असे कॅन्सर होण्याचा वारशाने चालत येणारा धोका. ‘पिशवी काढली होती’ असं कुणी म्हणालं तर कशासाठी, ते विचार. तुकडा तपासल्याचा रिपोर्ट ट्रंकेत सापडला तर सोन्याहून पिवळं. आणि वय हवं, पण मृत्यूचं नव्हे, रोग कळला तेव्हाचं. तारखा कुणाला आठवत नाहीत. ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मामी हिंडत्याफिरत्या होत्या का?’ असं विचारलं की वर्ष सापडतं.

ऐंशीच्या घरातली धडधाकट मावशीही तक्त्यात घाल. जगभरच्या जनुकीय माहितीच्या साठ्यांत आपल्या लोकांची नोंद अजून थोडी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या रिपोर्टांत जनुकातल्या एखाद्या बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा जास्त दिसतो, म्हणजे तो रोगाचं कारण आहे की नाही ते सांगता येत नाही. तो बदल घरातल्या आजारी माणसांत आहे आणि म्हातारपणापर्यंत निरोगी राहिलेल्यांत नाही, असं दिसलं तर कोडं सुटायला मदत होते.

१८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने अल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना सांगितलं, की आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिननी तिचं घराणं नोंदवायला घेतलं आणि १९१३ मध्ये ते छापलं. पुढे इतरांनी नोंदी चालू ठेवल्या, आणि अनेक दशकांनी त्या घराण्यात एमएसएच-२ जनुकातला दोष सापडला, म्हणजे तो लिंच सिंड्रोमच होता. जनुकं वाचायची सोय नव्हती तेव्हा त्या बाईचं बोलणं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून.

आता नाजूक भाग. कुणाच्या आजाराबद्दल घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नकोस. एकेकाकडे जाऊन बस. काकू ‘नको’ म्हणाल्या तर विषय तिथेच सोड. त्यांच्या मुलीचं लग्न जमायचं आहे, भीती खरी आहे. संमतिपत्र सही करण्याआधी घरी आणून वाच: नमुना किती वर्षं ठेवणार, काही निघालं तर तुला कळवणार का, मधेच नाव मागे घेता येतं का. घ्यायला आलंच पाहिजे. संशोधनातून वर्षानुवर्षं काहीच कळवलं जात नाही, असंही होतं. तुला स्वतःची तपासणी हवी असेल तर जेनेटिक काउन्सिलरला वेगळं भेट, या कामावर विसंबू नकोस.

आणि हो, धाकट्या काकांचं लग्न मामेबहिणीशी झालंय ना? रक्ताच्या नात्यातल्या लग्नाला तक्त्यात दुहेरी रेघ हवी, तू एकेरीच ओढली आहेस.