सिझर झालं, तरी शिंकताना थेंब का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाल्याची नोंद आहे, गोव्यात ३९.५ टक्के. तरी घरी सोडताना हातात पडणाऱ्या कागदावर गोळ्या असतात, टाके दाखवायची तारीख असते, बाळाच्या लसी असतात. खालच्या स्नायूंबद्दल बहुधा ओळही नसते. ती ओळ नसल्यामुळे आलेले हे काही प्रश्न.

चौदा तास कळा सोसल्या, शेवटी सिझर करावं लागलं. बाळ चार महिन्यांचं आहे. शिंक आली किंवा जोरात हसले की थोडी लघवी होते. सासूबाई म्हणतात, "तुझं खालून काहीच झालं नाही, मग हे कसलं?" (नाशिक)

सासूबाईंवर रागावू नका, चांगल्या शिकलेल्या मुलीही मला हेच विचारतात. बाळ कुठूनही बाहेर येवो, नऊ महिने त्याचा भार खालच्याच स्नायूंनी पेललेला असतो. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले हे स्नायू म्हणजे पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्यांच्याच आधारानं राहतात. तुमच्या बाबतीत कळांमध्ये बाळाचं डोकं बरंच खाली आलं असेल, तर झोळी आणखी ताणली गेली असणार. शिवाय शिंकताना पोटाचे आतले स्नायू आणि ही झोळी जोडीनं काम करतात, आणि सध्या जोडीतल्या वरच्या भिडूच्या अंगावर टाके आहेत.

उताणं झोपा, गुडघे वाकवा. श्वास घेताना पोट आणि खालचा भाग सैल सोडा. श्वास सोडताना वारा आणि लघवी एकदम अडवल्यासारखं करून आत-वर ओढा. मांड्या, ढुंगण, कपाळ आवळायचं नाही. तीन ते पाच सेकंद धरा आणि त्याहून जास्त वेळ पूर्ण सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार तोडून हा व्यायाम करू नका, मूत्राशय रिकामं व्हायची सवय बिघडते. आणि शिंक येतेय असं जाणवलं की आधी तळ, म्हणजे हीच झोळी, वर ओढा, मग शिंका. एवढी एक युक्ती जमली तरी बऱ्याच जणींना लवकर फरक जाणवतो.

तीन महिने झाले. टाक्यांच्या वरचा भाग बधिर आहे, सरळ उभं राहिलं की ओढ बसते. हात लावायची भीती वाटते. (ठाणे)

वरून आडवी रेघ दिसते, पण आत कातडी, चरबी, त्याखालचं पांढरं चिवट आवरण, पोटाचं अस्तर आणि गर्भाशय एवढे थर उघडून पुन्हा शिवलेले असतात. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. कातडी लवकर मिटते. ते चिवट आवरण मात्र सहा आठवड्यांनीही मूळच्या साधारण निम्म्याच ताकदीचं असतं.

जखम कोरडी आणि पूर्ण मिटलेली असेल, डॉक्टरांनी पाहिली असेल, तर आता हात लावायला हरकत नाही. पहिले दोन-तीन दिवस नुसता तळवा ठेवा आणि श्वास घ्या. हसू नका, खरा अडथळा तिथंच असतो. मग दोन बोटं सपाट टेकवून कातडी खालच्या थरावर सरकवा: वर-खाली, डावी-उजवी, छोटी वर्तुळं. कणकेसारखं मळायचं नाही. पोळपाटावरची पोळी बोटांनी हलकेच फिरवतो, तेवढाच जोर. रोज पाच मिनिटं पुरे. एखाद्या जागी बोट अडेल, तिथं थांबून दोन श्वास घ्या. बधिरपणा कातडीतल्या बारीक नसा कापल्यामुळे येतो आणि महिन्यांच्या हिशेबानं कमी होतो. थोडा भाग कायम बधिर राहूही शकतो. कधी सुती पदर, कधी टॉवेल फिरवत राहा. लाली, पाणी, पू, ताप यातलं काहीही असेल तर मसाज बंद आणि थेट डॉक्टरांकडे.

आई पोट घट्ट बांधते, मालीशवाल्या मावशी पोट चोळायचं म्हणतात, आणि पाणी पिऊ देत नाहीत, टाके पिकतील म्हणून. (लातूर)

हातपाय, पाठ खुशाल चोळून घ्या. पोट सध्या नाही. पट्टा सुरुवातीच्या दिवसांत उठता-चालताना आधार देतो, पण श्वास अडेल इतका आवळला तर दाब खाली जातो, म्हणजे झोळीवरच. पाण्यानं टाके पिकत नाहीत. डिंकाचे लाडू खायचे आणि पाणी तोडायचं, तर कुंथावं लागणारच, आणि कुंथण्याइतकं या स्नायूंचं नुकसान फार थोड्या गोष्टी करतात.

सात महिने झाले. संबंधांच्या वेळी आत आग होते, भिंतीला लागल्यासारखं वाटतं. यूट्यूबवर पाहून रोज दोनशे केगेल (खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) करते, त्यानं दुखणं वाढलंच. (पुणे)

दोनशे! आजपासून बंद करा. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली हे व्यायाम मांडले, तेव्हा बाई योग्य स्नायू आवळते आहे का हे दाखवणारं दाबमापक उपकरणही त्यानं वापरलं होतं. यूट्यूबनं व्यायाम तेवढा उचलला.

तुमचे स्नायू ढिले नसून आखडलेले असावेत. दिवसभर मूठ आवळून धरली तर संध्याकाळी त्या हातानं कपही धरवत नाही. वेदनेच्या भीतीनं शरीर आधीच आवळून घेतं, वरून तुम्ही दोनशेदा आवळता. आता उलटं शिकायचं: बालासनात लांब श्वास घेऊन तळ खाली उतरू द्यायचा. अंगावर पाजत असाल तर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्यामुळे आत कोरडेपणा येतो. पाण्यात विरघळणारं जेल वापरा. खोबरेल तेल आणि निरोध एकत्र नको, तेलानं रबर फाटतं. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, मग या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. ती हातमोजा घालून एका बोटानं आतून तपासेल, तेही तुम्ही हो म्हटलं तरच. मध्येच "थांबा" म्हणायचा हक्क तुमचा.

दोन महिने झालेत. नळ अंगणात आहे, पाणी मलाच भरावं लागतं. किती उचललं तर चालेल? (सांगली जिल्हा)

पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नाही, असं आम्ही सांगतो. तुमचे ते झाले, म्हणून एकदम भरली कळशी नको: दहा लिटरची कळशी म्हणजे दहा किलो पाणी, वर भांड्याचं वजन. अर्ध्यापासून सुरू करा. एका कमरेवर घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान बादल्या बऱ्या. गुडघ्यात वाका, तळ वर ओढा, श्वास सोडत उचला. श्वास कोंडून नाही. खाली काही उतरल्यासारखं, जड वाटलं तर त्या दिवशी तिथंच थांबा. घरात आणखी कोण कोण असतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात जरूर लिहा.